वारस नोंद, आणि ‘आजींचं नाव कशाला घालता?’

वारस नोंदीला, म्हणजे मयताच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायला, काही लागत नाही, महिन्या-दीड महिन्यात होते, असं गावात कुणीही सांगेल. होतेही. फक्त मयताची आई हयात नसावी.

माझ्या वडिलांची आई हयात आहे. नव्वदीला आलेली, कमी ऐकू येतं, मिरजेला काकांकडे असते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी वडिलांनी एसटीच्या पगारातून पै-पै साठवून घेतलेली थोडी जमीन आहे. वडील गेले, मृत्युपत्र नव्हतं. घरात सगळ्यांच्या हिशोबी वारस तीन : आई, मी आणि धाकटा भाऊ. पुण्यातल्या वकीलबाईंनी कागद बघायच्या आधीच विचारलं, “आजी आहेत का?”

1956 चा हिंदू वारसा कायदा साधा आहे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर मुलगे, मुली, पत्नी आणि त्याची आई यांना प्रत्येकी सारखा हिस्सा. मयताचे वडील या पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे आमच्यात चार हिस्से. जमीन वडिलोपार्जित असती तर गणित बदललं असतं, पण आजीचं नाव तरीही आलंच असतं. (मुलीचं लग्न झालं की हक्क जातो का, हेही मी विचारून घेतलं. नाही जात. भावाला तिथेच ऐकवलं.)

ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन सोयीवर अर्ज भरला. मृत्यू दाखला, शपथपत्र, वंशावळ, सगळ्यांचे पत्ते जोडले. आणि गाडी सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या कार्यालयात, अडली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात ते अजून भाऊसाहेबच. भाऊसाहेब म्हणाले, “ताई, आजींचं नाव कशाला घालता? तुमच्याच भल्याचं सांगतोय. उद्या आजी गेल्या की काका, आत्या सगळे सातबाऱ्यावर येतील.”

गंमत म्हणजे ते बरोबर होतं. आजीने मृत्युपत्र केलं नाही तर तिचा हिस्सा तिच्या मुलामुलींना जाणार, आणि वडिलांच्या वाटचा मला आणि भावाला. माझ्या आईला त्यातलं काही नाही; सून त्या यादीत बसत नाही. पण पुढे गुंता होईल म्हणून आज जिवंत वारस गाळायचा, हा सल्ला सरकारी टेबलावरून मिळावा?

मी नाव काढत नाही म्हटल्यावर दुसरी वाट निघाली : आजीकडून स्टॅम्पपेपरवर ‘मला हक्क नको’ असं लिहून आणा, अंगठा चालेल. भाऊ तर मिरजेची गाडी बघायला लागला. वकीलबाईंनी फोनवर दोन वाक्यांत निकाल लावला : जमिनीतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, नुसत्या स्टॅम्पवरच्या अंगठ्याने हक्क सुटत नाही. आणि आजीला सोडायचाय का, हे तिला विचारलंय कुणी?

नंतर अर्ज परत आला. त्रुटी : सदर महिला मयताची आई असल्याचा पुरावा नाही. माझा संताप झाला, कारण पुरावा खरंच नव्हता. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर आजोबांचं नाव, रेशनकार्डावर आजी काकांकडे, आधारवर ‘पतीचे नाव’. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं सरकारने ठरवलं, ते चांगलंच. पण आमच्या वडिलांच्या पिढीला आई होती, हे कागदावर कुठे आहे? कुणी म्हणे कोर्टाचा वारस दाखला काढा. वाद नसताना सातबाऱ्यासाठी त्याची गरज नव्हती.

सुटका केली जुन्या फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदीने. आजोबा वारले तेव्हा त्यांच्या जमिनीला वारस लागले होतेच. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल काढली. त्यात काका आणि वडील खातेदार, ‘मयताची पत्नी’ म्हणून आजी आणि मुलगी म्हणून आत्या, दोघीही सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात! त्या काळी बायकांना तिथेच बसवायचे. पण नातं लिहिलेलं होतं, तेवढं पुरलं. नक्कल आणि पोलीस पाटलांचा दाखला जोडून अर्ज पुन्हा टाकला. यावेळी भाऊसाहेब काही बोलले नाहीत. तेव्हा आजोबा-पणजोबांचे फेरफार आधीच काढून ठेवा, बाकी कागद नंतर.

पुढचं सरळ. नोटीस निघाली, हरकतीला पंधरा दिवस, कुणाची आली नाही, सर्कलने (मंडळ अधिकाऱ्याने) नोंद मंजूर केली. नोटीस निघाली की नाही ते ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतं, उगाच खेटे घालू नका. वारसाने तीन महिन्यांत कळवावं असं महसूल कायदा सांगतो. नोंद नामंजूर झाली तर प्रांतांकडे अपील आहे, साठ दिवसांत. आणि सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, ती महसुलाची नोंद. हिस्से पाडायचे तर वाटप वेगळं.

हो, बँकेचं राहिलं. ठेवीला भाऊ नॉमिनी होता आणि स्वतःला मालक समजत होता. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते वारसांच्या वतीने. त्यातही आजीचा चौथा हिस्सा आहे.

नवा सातबारा पंधरा रुपयांत मोबाइलवर उतरवला. नावांची अक्षरं तपासून घ्या. आजीला फोनवर ओरडून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, मृत्युपत्राला काय लागतं. दोन साक्षीदार, नोंदणी सक्तीची नाही, पण तुझ्या वयात नोंदवलेलं बरं, आणि डॉक्टरचा दाखला जोड, असं सांगितलं. कुणाच्या नावे करणार ते ती सांगत नाही. काका मात्र हल्ली तिला रोज फिरायला नेतात म्हणे.