मामांचा तळखडा आणि सिंगापूरची लाकडी इमारत
गेल्या आठवड्यात एका व्याख्यानासाठी मी येथील नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठात गेले होते, तेव्हा ‘गाया’ या इमारतीचा फेरफटका ठाण्यातल्या मामांना व्हिडिओ कॉलवरून घडवला. मामांनी नौपाड्यात तीस वर्षे लाकडाची वखार चालवली. त्यामुळे तोयो इतो या जपानी वास्तुविशारदाने आखलेली आणि २०२३ मध्ये खुली झालेली ही सहा मजली इमारत जवळपास संपूर्ण लाकडाची आहे, हे ऐकून त्यांना कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटली.

“सागवान आहे का गं?”

युरोपातून जहाजाने आलेले स्प्रूस आहे, असे सांगताच ते म्हणाले, “म्हणजे पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड!” फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवून त्यांच्या जाड भिंती आणि तक्तपोशी करतात, हे समजावल्यावर मात्र, “हे आपलं जाडजूड प्लायवूडच की,” अशी मान्यता मिळाली. आगीचे उत्तर मी वाचून ठेवले होते: अशा जाड लाकडाचा पृष्ठभाग मिनिटाला साधारण ०.६५ मिलिमीटर या गतीने कोळसा होत जातो आणि तोच थर आतल्या गाभ्याला उष्णतेपासून वाचवतो, म्हणून अभियंते तेवढी जाडी आधीच वाढवून धरतात.

वर्गातला गारवा मात्र मला सांगून पटवता येईना. तेथे थंड पाणी धातूच्या नळ्यांतून फिरते, त्यांना लागून गार झालेली हवा जड होऊन खाली उतरते, माणसांच्या अंगाच्या उष्णतेने तापून वर चढते आणि पुन्हा नळ्यांकडे येते. हवा ढकलायला पंखा लागत नाही. वीज वाचते ती येथे, आणि आपल्या दमट हवेत लाकडापेक्षा हीच गोष्ट उचलण्याजोगी आहे, असे माझे मत आहे. इतक्या दुरून लाकूड आणणे मला अजूनही खटकते.

पावसाचा आणि वाळवीचा प्रश्न उरलाच होता. तळमजल्याचा स्लॅब, स्वच्छतागृहे आणि बाहेरचे जिने काँक्रीटचे आहेत, असे मी म्हणाले, तेव्हा मामा फोन घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांनी तुळशीच्या कुंडीखालचा काळा दगड दाखवला. जुन्या घरातल्या खांबाचा तो तळखडा. वरची चौकोनी खोबण अजून शाबूत होती.

“ओल खालून चढते गं. दगड त्यासाठीच,” ते म्हणाले, आणि लगेच पुढचा प्रश्न आला, “घनफुटाला काय भाव पडला?”