स्टोलन, तिसरा प्रयत्न: बाळंत्याची घडी जमली

काल दुपारी तिसरा स्टोलन भट्टीतून निघाला आणि पहिल्यांदाच घडी घडीसारखी दिसली. इतका आनंद झाला की ट्रे तसाच डोक्यावर घेऊन गावी आले.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: स्टोलन म्हणजे जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा नाताळचा गोड पाव. आत मनुका, बदाम, पाकवलेली सालं. वर पिठीसाखरेचा जाड थर. पांढरा, लांबट, दुमडलेला हा पाव म्हणजे बाळंत्यात गुंडाळलेला बाळ येशू. लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत मेंढपाळांना खूण देतो ती हीच, बाळंत्याने गुंडाळलेलं आणि गव्हाणीत ठेवलेलं बालक. ज्याच्या घरी गोठा आहे त्याला गव्हाण समजावून सांगावी लागत नाही. आणि बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच मुळी 'भाकरीचं घर' असा आहे. म्हणून पावात हे सगळं सांगणं मला फार जवळचं वाटतं.

गेल्या वर्षीचे दोन्ही स्टोलन पसरून थाळीसारखे झाले होते. दोष लोण्याचा. ड्रेस्डेनच्या नियमात मैद्याच्या निम्मं लोणी लागतं, आणि मी घरचं म्हशीचं लोणी तसंच तोलून घालत होते. त्यात ताकाचं पाणी बरंच असतं. या वेळी लोणी तीनदा धुतलं, फडक्यात बांधून टांगलं, मग तोललं: ५०० ग्रॅम मैद्याला २५० ग्रॅम. बेकरीवाले भाऊ म्हणाले, डालडा घाला, आकार धरून राहील. नाही घातला. नाताळआधीच्या आठवड्यांत, म्हणजे आगमनकाळात, जो उपास असे त्यात पूर्वी लोणी वर्ज्य होतं, त्यामुळे स्टोलन तेलापाण्याचा, रुक्ष असे. ड्रेस्डेन ज्यात येतं त्या सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी रोमकडे परवानगी मागितली आणि १४९१ मध्ये पोप आठवा इनोसंट यांच्या पत्राने ती मिळाली. ज्या लोण्यासाठी लोकांनी एवढी वाट पाहिली, ते मी काढून टाकणार नाही.

खमीर आधी वेगळं केलं: कोमट दूध, यीस्ट, थोडा मैदा. लोणी शेवटी. सध्या पहाटे इतका गारठा असतो की पीठ हलत नाही, म्हणून पातेलं चुलीच्या उबेला ठेवलं. अडीच तास लागले.

सालं आमच्याच वरुडच्या संत्र्यांची, आंबिया बहाराची. साल पातळ आणि सुटी. तीन पाण्यांत उकळली तर वास निघून जातो. दोन पाणी पुरे. मग पाकात मंद आचेवर, पारदर्शक होईपर्यंत. बदाम निम्मे, निम्मी मेळघाटातली चारोळी. वेलदोडा आणि जायफळ घातलं. मसाल्यांत बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांची आठवण पाहतात, ती मला पटते.

आता घडी. पीठ लाटताना मध्ये पातळ, कडा जाड ठेवायच्या हे माहीत होतं, तरी मी दुमडून वरून दाबत होते. आजी बाजूला बसली होती. म्हणाली, "असं दाबू नको माय, लेकराले कोनी दाबते का? दुपट्यात घेतो तसं घे. खालची कोर मोकळी सोड." तिने पाच लेकरं दुपट्यात गुंडाळली आहेत. वरची कड खालच्या कडेच्या दोन बोटं अलीकडे थांबवली, हाताच्या कडेने हलकीच बसवली, बस्स. भट्टीत ती उमलून उभी राहिली. वर आलेल्या मनुका आधीच वेचून काढल्या, नाहीतर जळून कडू होतात.

गरम असतानाच वितळलेलं लोणी दोनदा लावलं, साखर, आणि गार झाल्यावर पिठीसाखर. ती लावताना आम्ही दोघी काही बोललो नाही.

आमच्याकडे नाताळच्या फराळात करंजीही असते. तिच्यात गव्हाण दिसते असं कुणी म्हणालं तर ऐकायला गोड वाटेल, पण मी तो अर्थ तिला चिकटवणार नाही. ती दिवाळीची, शेजाऱ्यांची, सगळ्यांची आहे.

स्टोलन बटरपेपर आणि सुती कापडात बांधून गव्हाच्या कोठीवर ठेवलाय. २५ तारखेला प्रार्थनेनंतर कापायचा. दरम्यान चेक लोकांचा नाताळचा गोड पाव, वानोच्का, करून पाहणार आहे. तीही बाळंत्यातल्या बाळाचीच, पण वेणीची: खाली चार पेडांची, मग तीन, वर दोन. मनुकांऐवजी वाळलेली मोहफुलं वापरून कुणी पाहिली आहेत का? भिजवून घ्यावीत की कोरडीच?