पहिली वाटीभर स्ट्रॉबेरी

२२ जून, रात्रीचे साडेदहा, रेडिंग (इंग्लंड).

बाहेर अजून पूर्ण अंधार नाही झालेला. बोटांना लाल डाग आहेत, दोनदा हात धुतले तरी गेले नाहीत आणि खरं सांगायचं तर ते जाऊच नयेत असं वाटतंय.

आज ऑफिस सुटल्यावर घरी न येता थेट अलॉटमेंटवर गेले, म्हणजे भाजी-फळं लावायला काउन्सिलकडून (इथली नगरपालिका) भाड्याने मिळते त्या जमिनीवर. आपला प्लॉट अर्धाच आहे, पाच रॉड (हे इथलं जुनं माप, म्हणजे साधारण १२५ चौरस मीटर), काउन्सिलच्या यादीत तीन वर्षं नंबर लावून मिळालेला. त्यातल्या एका वाफ्यात केंब्रिज फेव्हरिट स्ट्रॉबेरीची रोपं आहेत, जुनी जात, दुकानात सहसा दिसत नाही. मागच्या एप्रिलमध्ये लावली तेव्हा शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा म्हणाले होते, पहिल्या वर्षी फुलं खुडून टाक, रोपाला आधी मुळं धरू दे. ती पांढरी फुलं खुडताना जीव तुटत होता माझा, एकेक तोडताना मनातल्या मनात सॉरी म्हणत होते.

आणि आज जाळी वर केली तर खाली सगळं लाल! मे महिन्यात पानांखाली गव्हाचं काड पसरलं होतं ना, फळ मातीला टेकून कुजू नये म्हणून, त्या पिवळ्या काडावर ती लालभडक फळं अशी निवांत पडलेली की मी दोन मिनिटं नुसती उकिडवी बसून बघत राहिले. दोन-चार गोगलगायींनी पोखरलेली होती, एक ब्लॅकबर्डने जाळीच्या भोकातून चोच घालून खाल्लेलं. बाकी सगळी आपली.

पहिलं फळ तिथेच तोंडात टाकलं. उन्हाने कोमट झालेलं, आणि वास तर असा की तोंडात जायच्या आधीच चव कळली. स्ट्रॉबेरी एकदा तोडली की पुढे गोड होत नाही, आंब्यासारखी अढी घालून पिकवता येत नाही, तोडताना जेवढी गोडी तेवढीच. लांब पाठवायची फळं थोडी आधी, घट्ट असतानाच काढावी लागतात, म्हणून सुपरमार्केटच्या डब्यात ही चव मिळत नाही. इथे मी देठापर्यंत लाल व्हायची वाट बघू शकते, अजून एक दिवस राहू दे म्हणू शकते. मला वाटतं सगळं सुख त्या एका दिवसात आहे.

घरी येऊन आईला साताऱ्याला व्हिडिओ कॉल करायचा होता पण तिकडे मध्यरात्र, म्हणून फोटो टाकून ठेवला. मागच्या आठवड्यात कच्ची फळं दाखवली तर म्हणाली, "अगं जूनमध्ये कसली स्ट्रॉबेरी, महाबळेश्वरात आता धो धो पाऊस असेल!" तिचं बरोबरच आहे, तिकडे पाऊस सरला की लागवड आणि थंडीत फळं, इकडे नेमकं उलटं. लहानपणी जानेवारीत पप्पा पाचगणीहून येताना दोन पेट्या आणायचे, आई त्यावर साखर घालून ठेवायची आणि आम्ही तळाचा गुलाबी रस प्यायला भांडायचो. आज लेकीला तसंच करून दिलं. तिने आधी रस प्यायला, मी काही न सांगता!

मोजली, सत्तावीस निघाली. नवऱ्याला जॅम हवाय, पण पहिली वाटी शिजवायची नाही असं मी ठरवलंय.

रोपांना रनर (जमिनीलगत पसरणाऱ्या, टोकाला नवं रोप धरणाऱ्या दांड्या) फुटायला लागलेत. चार-पाच चांगले बघून उद्या छोट्या कुंड्यांमध्ये दाबून ठेवते, ऑगस्टपर्यंत मुळं धरतील. त्यातल्या दोन कुंड्या आजोबांना, त्यांचा वाफा आता चार वर्षांचा झालाय, फळं बारीक येतायत. आणि जाळीचं ते भोक सुतळीने शिवायचंय, सकाळी ऑफिसच्या आधीच, ब्लॅकबर्ड माझ्याआधी उठतो.