गरिज्जीमची चढण

शोमरोनी (समॅरिटन) हा मोशेचा धर्म पाळणारा, पण यहुद्यांपासून वेगळा छोटा समाज. त्यांची सुक्कोथची, म्हणजे मांडवांच्या सणाची, वारी उजाडायच्या आत निघते. वेस्ट बँकमधल्या नाब्लुसच्या डोक्यावरचा गरिज्जीम डोंगर, पुढे तोराची (मोशेच्या धर्मग्रंथाची) गुंडाळी घेतलेले याजक, मागे पांढऱ्या झग्यांतले आजोबा-नातवंडं. आम्ही इस्रायलमधल्या लोदचे चारपाच मराठी बेने इस्रायली (मूळ कोकणातले यहुदी) त्यांच्या मागोमाग चढत होतो. त्यांचं पंचांग वेगळं, त्यामुळे आमचा सण आणि त्यांचा त्या वर्षी एका दिवशी आला नव्हता.

लहानपणी ऐकलेलं असं: इ.स.पू. 722 च्या सुमारास अश्शूरींनी (प्राचीन इराकमधल्या साम्राज्याने) इथलं शोमरोन शहर घेतलं, तिथले लोक हाकलले आणि कूथा वगैरे ठिकाणचे परके आणून वसवले. हे त्यांचे वंशज. बायबलच्या ‘राजे’ ग्रंथात तसंच लिहिलंय. शोमरोनींना विचारा, ते म्हणतील, आम्ही एफ्राईम, मनश्शे आणि लेवी या इस्राएली वंशांचे. इथून हललोच नाही, डोंगर सोडून गेलात ते तुम्ही! इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी शासक योहानान हुर्कानस याने त्यांचं इथलं मंदिर पाडलं. असलं कोण विसरतं?

रक्त कुणाचं, हा सवाल आमच्याही वाट्याला आलाय. 1962 मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मगुरूंकडून बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी पिढ्या तपासायचा हुकूम निघाला होता. आईबाबा निदर्शनांना जायचे. 1964 मध्ये कुठे आम्ही पूर्ण यहुदी ठरलो. तरी आमच्यातलेच काही शोमरोनींना नाकं मुरडतात, याची मला चीड येते.

माथ्यावरच्या ‘शाश्वत टेकडी’पाशी सगळ्यांनी चपला काढल्या. खडक गार होता, पायाला टोचत होता. ते ओणवे होऊन कपाळ टेकत होते. पठण सुरू होतं; उच्चार निराळे, पण अब्राहाम, इसहाक, याकोब ही नावं कळत होती.

नंतर एका घरी नेलं. यांचा मांडव घरात असतो. छळाच्या काळात तो आत आणला, असं ते सांगतात. छताला डाळिंबं, संत्री, लिंबं इतकी दाटीने टांगलेली की मान वाकवून बसावं लागलं. म्हाताऱ्या यजमानांनी विचारलं, “कोकणात तुमच्याकडे तोरा होती?”

“नव्हती, चाचा. शेमाची प्रार्थना तेवढी पाठ. शनिवारी तेलाचा घाणा बंद.”

“मग आमचेच की तुम्ही,” म्हणत त्यांनी खजुराचं ताट सरकवलं. मी भाबडेपणाने एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने आम्ही करतो त्या मलिद्याच्या नैवेद्याचं सांगायला गेलो. मोशेनंतरचा एकही संदेष्टा त्यांना मान्य नाही! त्यावरून जो वाद पेटला, तो जेरुसलेम पवित्र की गरिज्जीम, यावर गेला आणि दुपारपर्यंत चालला. ताट मात्र दोनदा भरलं.