टॅपेट चेंबरमधला स्टड: २६ टीपीआय जमलं!

मंडळी, स्टड (डोकं नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट) झाला, तोही २६ टीपीआयचा, म्हणजे इंचाला २६ आटे. नट बोटाने शेवटपर्यंत गेला, कुठे अडला नाही की डुगडुगला नाही. कितीतरी वेळ नुसता फिरवत बसलो होतो.

मागच्या वेळी सांगितलंच होतं, कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० चं बॅरल (सिलिंडर) बसवताना अडलंय ते टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) कव्हरच्या आत लपलेल्या नटापाशी. बाहेरचे स्टड ठणठणीत आहेत. आतल्याचे आटे मात्र आधीच्या कुणा मिस्त्रीने ८ एमएमचा नट दामटून खाऊन टाकलेत.

सगळा घोळ या ‘आठ’चाच आहे. मूळ स्टड ५/१६ इंची, म्हणजे ७.९४ मिमी. झिजलेल्या स्टडला व्हर्नियर लावून कुणीही आठच म्हणेल. पिच गेजने (आटे मोजायची दातेरी पट्टी) पाहिलं तर माझ्या गाडीवर केसच्या (इंजिनाचा खालचा डबा, क्रँककेस) बाजूला १८ टीपीआय व्हिटवर्थ आणि नटाच्या बाजूला २६ टीपीआय सायकल थ्रेड, दोन्ही जुन्या ब्रिटिश इंची पद्धतीचे आटे. २६ टीपीआय म्हणजे ०.९७७ मिमी पिच (दोन आट्यांतलं अंतर). दुकानात ‘आठ फाईन’ मागितलं की १ मिमी पिचचा नट हातात पडतो. तो चढतो, म्हणूनच घातक! हाताला जरासा सैल लागतो, आणि कसला की सगळा भार एक-दोन आट्यांवर येतो. दिल्लीहून मागवलेला ‘बुलेट स्टड सेट’ तर दोन्ही टोकांना १.२५ पिचचा, तोही साध्या एमएसचा (माइल्ड स्टील). जुन्या इंची गाडीचा स्टड नाव सांगून मागवूच नये. नमुना आणि पिच गेज खिशात ठेवून जावं.

आर्वीपासून वर्ध्यापर्यंत लेथवाले पुष्कळ, पण डाय (दांड्यावर आटे पाडायचं हत्यार) सगळ्या मेट्रिक. शेवटी हिंगणघाटला जिनिंगची कामं करणारे एक काका भेटले. कापसाचा सीझन, दुकानात रोलरच्या शाफ्टांचा ढीग. तरी त्यांनी माझा स्टड उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, “डायनं नाही होत हे भाऊ. २६ पायजे त ६५ चं गियर लावा लागते. हाये आपल्यापाशी, काढतो.”

त्यांच्या जुन्या लेथचा लीडस्क्रू (कापणारं हत्यार सरकवणारा आट्यांचा दांडा) ४ टीपीआय. २६ काढायचे तर प्रमाण २:१३ हवं. २० दातांच्या गियरला ६५ चं, पुढे ३० ला ६०, की बरोबर जुळतं. मेट्रिक लीडस्क्रूवर यासाठी १२७ दातांचं गियर शोधावं लागलं असतं. जुन्या इंची लेथला भंगार म्हणणाऱ्यांना मी हिंगणघाटला घेऊन जाईन.

माल मी नागपूरहून नेला होता, ईएन-२४ (मजबूत मिश्र पोलाद), टफन केलेला. काकांचं म्हणणं ईएन-८ (त्याहून साधं पोलाद) पुरतो, आणि त्यात तथ्य आहे; पण बॅरल पुन्हा उतरवायची माझी तयारी नाही. स्टेनलेस सुचवणाऱ्यांना नम्र नकार. त्याचे आटे नटात चिकटून बसतात.

जुना स्टड काढणं त्यामानाने सोपं गेलं. केस हॉट एअर गनने तापवली. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे पकड सुटली. पण स्टडबरोबर केसच्या आट्यांचा चुराही आला. म्हणून हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) टाकायचं ठरवलं होतं.

ठरवलं होतं, पण आत्ता हे लिहिताना तक्ता उघडला आणि बेत फिरला. ३/८ व्हिटवर्थ टॅपसाठी (भोकात आटे पाडायचं हत्यार) ड्रिल लागतं ५/१६ चं, म्हणजे भोकातले जुने आटे जिथे संपतात तेवढंच! मग हेलिकॉइल कशाला? स्टेप स्टडच करावा: खाली ३/८, १६ टीपीआय, वर ५/१६, २६ टीपीआय. एकच अखंड तुकडा, मध्ये कॉइल नाही. भोकाभोवतीची भिंत आज संध्याकाळी मोजतो. पुरेशी जाड निघाली तर काकांना फोन करून ६५ चं गियर उतरवू नका म्हणून सांगतो. झालेला स्टड बाहेरच्या जागेसाठी राखीव राहील.

आता हवाय ३/८ व्हिटवर्थचा हँड टॅप, तळापर्यंत आटे पाडणारा, सेटमधला तिसरा. अमरावती-यवतमाळकडे कुणाकडे असेल तर कळवा, न्यायला मी येतो.