शेजारची सीट आणि ५५२ रुपयांचा झोन

गाडी वर्कशॉपमध्ये उभी होती. ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक, नंबर एमएच ११, म्हणजे साताऱ्याचा. पुढचा बंपर फाटलेला, डावा हेडलॅम्प आत गेलेला, रेडिएटर फुटून फरशीवर कूलंटचा हिरवा ओघळ. एस्टिमेट ८४,०००. मी विम्याचा सर्व्हेअर, नुकसान पाहायला पोहोचलो तेव्हा वडील साताऱ्याहून येऊन थांबले होते. गाडी त्यांच्या नावावर, पण वर्षभर पुण्यात, शिकायला असलेल्या मुलाकडे. "साहेब, गाडी पुण्यात चालवली म्हणून क्लेम अडणार नाही ना?"

या प्रश्नाची भीती जवळजवळ प्रत्येक पालकाला असते आणि ती चुकीच्या जागी असते. विम्याच्या जुन्या टॅरिफप्रमाणे, म्हणजे दरपत्रकाप्रमाणे, हप्त्याचा झोन ठरतो तो नोंदणीच्या आरटीओवरून. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद हा अ झोन, उरलेला देश ब. १००० ते १५०० सीसीच्या, पाच वर्षांच्या आतल्या गाडीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) दर अ मध्ये आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ३.२८३ टक्के, ब मध्ये ३.१९१. या गाडीची आयडीव्ही ६ लाख. हिशेब केला तर १९,६९८ आणि १९,१४६, फरक ५५२ रुपयांचा. २००७ पासून हे दर कंपन्यांवर बंधनकारक नाहीत, त्यामुळे त्या त्या भागातले क्लेम पाहून सूट कमी-जास्त होते. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा हप्ता मात्र सरकारच ठरवतं. १ जून २०२२ च्या दराने या गटाला ३,४१६. गाव कुठलंही असो, चालवणारा अठराचा असो की पन्नाशीचा.

अडलं ते दुसरीकडेच. मुलाकडे लर्निंग लायसन्स. त्यावर गाडी चालवली तरी पॉलिसी चालते, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम ३ पाळलेला हवा. शेजारी त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स असलेला माणूस, तोही गाडी थांबवू शकेल असा बसलेला. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल', पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. शेजारी मित्र होता, त्याचं लायसन्सही पक्कं. ऑनलाइन तपासलं तेव्हा त्यावर एकच वर्ग निघाला: गिअरची मोटारसायकल. कारचा नव्हताच. 'एल'चे दोन्ही स्टिकर ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडले, प्लॅस्टिकच्या पाकिटातून बाहेरही न काढलेले.

"ड्रायव्हर म्हणून माझं नाव टाकलं तर?" वडिलांनी हळूच विचारलं. मी त्यांना स्पष्ट नाही म्हटलं. फॉर्मवर खोटं नाव घातलं की प्रकरण फसवणुकीचं होतं, आणि अपघाताच्या वेळी ते साताऱ्यात होते हे मोबाइलच्या नोंदीवरूनही निघतं. मी जे दिसलं ते अहवालात लिहिलं. निर्णय कंपनीचा असतो. तिने क्लेम नाकारला. गाडी दुभाजकावर गेली होती म्हणून निभावलं. कोणी जखमी झालं असतं तर आधी कंपनीने भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश कोर्ट देऊ शकतं. मुलगा अठराच्या आतला असता तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे वडिलांनाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड.

नवशिक्या मुलामुळे हप्ता वाढतो तो बहुधा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळणारी सूट, गेल्याने. यांचा एनसीबी ३५ टक्के होता, क्लेमविना वर्ष गेलं तर पुढे ४५. म्हणजे १९,१४६ वर साधारण ८,६०० ची सूट. नुसता ८,००० चा बंपर बदलायचा असेल, तर प्लॅस्टिकवर निम्मा घसारा आणि १,००० ची सक्तीची वजावट जाऊन हातात ३,००० पडतात. त्यासाठी क्लेम करू नये, हे मी सगळ्यांना सांगतो.

निघताना मुलाचं लर्निंग पुन्हा पाहिलं. मिळून चार महिने झाले होते. तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. त्याने अजून स्लॉटच घेतला नव्हता.