शिक्षेनंतरचे अपील आणि वजनाचा आकडा

अमली पदार्थांच्या खटल्यात मुलाला १० वर्षांची शिक्षा झाली की घरचे लोक अपिलासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा मुलाची गुणपत्रके आणि सरपंचांनी दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला असतो. ते कागद मी वाचतो, कारण ज्या आशेने ते आणलेले असतात तिचा अव्हेर करवत नाही. पण उच्च न्यायालयात त्यांचा उपयोग जवळजवळ नाही, हेही मला त्याच बैठकीत सांगावे लागते. माल व्यावसायिक प्रमाणाचा, म्हणजे गांजा २० किलोंहून, चरस १ किलोहून किंवा हेरॉईन २५० ग्रॅमहून अधिक असेल, तर १९८५ च्या कायद्याने किमान शिक्षाच १० वर्षांची ठरवली आहे.

अपील दाखल झाले म्हणजे मुलगा सुटेल, हा दुसरा गैरसमज. १९८९ साली घातलेल्या कलम ३२-अ ने शिक्षा स्थगित करण्याची वाटच बंद केली होती. ‘दादू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अपील ऐकणाऱ्या न्यायालयाला तो अधिकार परत दिला, मात्र कलम ३७ ची कठोर अट कायम ठेवून: अपीलकर्ता दोषी नाही असे मानण्यास सबळ कारण आहे आणि जामिनावर असताना तो पुन्हा गुन्हा करण्याचा संभव नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे. इतर कैद्यांना मिळणारी शिक्षामाफी मात्र या कैद्यांना आजही मिळत नाही.

म्हणून मी दाखले बाजूला ठेवून पंचनामा मागतो आणि माल कसा मोजला ते आधी पाहतो. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्यात येत नाहीत. अख्खी झाडे देठापानांसकट काट्यावर ठेवून २२ किलोंचा आकडा लिहिला गेला असेल, तर खरा गांजा किती, हा प्रश्न साऱ्या शिक्षेचा पाया हलवतो, कारण प्रमाण २० किलोंच्या आत आले की १० वर्षांची किमान मर्यादा उरत नाही. भुकटीच्या बाबतीत उलट आहे: २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसह सगळे मिश्रण मोजले जाते.

वजन पुढेही बोलते. गोव्यातील एका खटल्यात बुटांत सापडलेल्या चरसाबद्दल झालेली शिक्षा उच्च न्यायालयानेही कायम केली होती, परंतु प्रयोगशाळेत उघडलेल्या पाकिटातील माल जप्तीच्या नोंदीशी जुळेना आणि सीलही भरवशाचे नव्हते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले. पाकीट कोणाच्या ताब्यात किती दिवस होते, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर काढले का, अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला का, हे सारे कनिष्ठ न्यायालयातील साक्षींतच शोधावे लागते. तिथे उलटतपासात जे विचारलेच नाही, ते अपिलात भरून काढणे फार कठीण जाते.

अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे. वकिलासाठी पैसे नसतील तर कारागृह अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येते, आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. निकालाची प्रत शिक्षेच्या दिवशीच विनामूल्य मिळते. ती आणि पंचनामा घेऊन या.